रुक्मिणीच्या पोळ्यांना नावं न ठेवता

काकू, गिरणी चालू आहे. तुझं दहावं व्हायच्या आधीच संतोषनं पट्टा चढवला. लोकांचे डबे येऊन पडले होते, आणि तुझा पोरगा तरी घरात नुसता बसून काय करणार. मी नेहमीसारखी शेजारच्या खोलीत आहे. भिंत थरथरते, तिच्याबरोबर टेबल थरथरतं, चहावर बारीक वलयं उठतात. सगळं होतं तसं आहे. फक्त त्या घरघरीच्या वरच्या पट्टीत मला कुणी हाका मारत नाही.

रडू आलं नाही. आलेल्या बायकांनी ते पाहिलं आणि आपसात बोलल्याही. मी तुझ्या उशाशी बसून एवढंच बघत होते की तुझ्या भुवयांवर पीठ नाही. तुझ्या भुवया इतक्या काळ्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या संघटनेतले लोक म्हणाले, काकूंवर चार ओळी लिही, फळ्यावर लावू. मी 'कष्टाळू' लिहिलं, 'मनमिळाऊ' लिहिलं, आणि तू काय म्हणाली असतीस ते लगेच ऐकू आलं: "ही मनमिळाऊ कोण? ओली ज्वारी आणली म्हणून अर्ध्या मंठा गावाला शिव्या दिल्यात मी." कागद फाडला आणि हे लिहायला घेतलं. हे लिहायची परवानगी तूच दिली होतीस, दोन अटींवर. एक अट मी पाळणार आहे. दुसरी मोडली. ती का मोडली ते तुला सांगायचं आहे. तुझं माहेर कुठलं आणि तू कितवी शिकलीस हे फळ्यावर लावून कुणाचं काय भलं होणार.

खोली बघायला आले तेव्हा मी तुला 'तुम्ही' म्हणत होते. "तुमी-बिमी लावू नको, मी काय तहसीलदारीण हाये का?" आम्ही आरोग्य हक्काचं काम करतो म्हटल्यावर तू विचारलंस, "म्हंजी डॉक्टर?" नाही. "मंग नर्स?" नाही. लोकांना त्यांचे हक्क समजावून सांगतो. तू हातातलं सूप खाली ठेवलंस. "बरं. घ्या खोली. पण हक्क सांगताना दार लावून घेत जा, पीठ येतं आत."

माझी पत्रकं तू दळणाला आलेल्यांना ऐकू जातील अशी वाचायचीस. "ह्या धिक्कारबाई कोण हायेत गं? दर कागदात येतात. एकदा चहाला बोलीव त्यान्ला." उरलेले गठ्ठे पिठाच्या डब्यांखाली जायचे. मी चिडले की म्हणायचीस, "वकीलीणबाई, चिडून राह्यली का? तुझा कागद जाड हाये, ओल धरत न्हाई. अजून काय मान पाह्यजे?"

मग तुझ्या पोटाचं निघालं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. त्या वर्षभरातलं मला फार आठवत नाही. ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि जाधव सर मिळाले एवढं आठवतं. सर घनसावंगीचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतले. त्यांनाही तोच आजार, त्याच डॉक्टरांचा हात, केमोच्या खोलीत शेजारचीच खुर्ची. तू त्यांना सलाइनभाऊ म्हणायला लागलीस. राखीपौर्णिमेला त्यांच्या हातात सुई होती म्हणून तू राखी सलाइनच्या दांडीला बांधलीस. सर म्हणाले, "ओवाळणी दांडीकडूनच घ्या मग." तेव्हा त्या खोलीत सगळे हसले होते. मीही.

केमो संपली तेव्हा डॉक्टरांनी तुम्हा दोघांना एकच गोष्ट सांगितली. आजार गेलाय, पण त्याच्यावर लक्ष ठेवायचं. मधूनमधून रक्त बघायचं, आणि वर्षानं आतड्यात दुर्बीण घालून आतून तपासायचं. तू त्यातलं 'आजार गेलाय' तेवढं घेऊन मंठ्याला आलीस. पेढे वाटलेस. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंस, "गेलं सगळं, कापून काढलं." लोकांनी मान्य केलं आणि विषय संपला. बरं झालेलं माणूस पुन्हा तपासायला जात नाही. गेलं तर लोक विचारतात, बरं झाल्तं ना? मग आता काय?

आता मला त्या दुर्बिणीबद्दल लिहायचंय आणि ते तुझ्या नावानं लिहायला तू कायम नको म्हणत होतीस.

ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. आमच्यासारखे लोक हे ठळक अक्षरांत छापतात. पण तपासणीच्या आदल्या दिवशी काही खायचं नसतं. संध्याकाळी एक पावडर पाण्यात कालवून ते पाणी तांब्या-तांब्यानं प्यायचं, आणि मग रात्रभर संडासला जात राहायचं, पोटातून नुसतं पाणी पडेपर्यंत. आतडं स्वच्छ झालं तरच दुर्बिणीला काही दिसतं. सकाळी आठला शहरातल्या दवाखान्यात हजर. मंठ्याहून निघायचं तर पहाटेची एसटी, जालन्याला गाडी बदलायची, तीन तास. त्या पोटानं. एसटीत संडास नसतो. काळी-पिवळी जीपमध्ये तर गुडघे हलवायला जागा नसते. ज्यानं ही आठची वेळ ठरवली त्यानं ती शहरात राहणाऱ्या, घरात संडास असणाऱ्या माणसाकडे बघून ठरवली. बाकीच्यांची तपासणी कागदावर फुकट आहे, तिथंच असू द्या.

सरांचा मुलगा शहरात राहतो. फ्लॅटमध्ये दोन संडास. सर आदल्या दिवशी सुनेच्या हातचं नारळपाणी पीत पेपर वाचत बसले आणि सकाळी मुलाच्या गाडीतून दवाखान्यात गेले. त्यांच्या आतड्यात मुगाएवढा कोंब निघाला, वाढू दिला तर पुढं कॅन्सर होणारा. तिथंच काढला. त्यांनी तुला फोन केला तेव्हा तू गिरणीच्या आवाजावरून ओरडून विचारलंस, "काय दिसलं टीव्हीत? मालिका का बातम्या?"

तुझी तारीख पुढच्याच आठवड्यातली होती. शहरात मुक्कामाला एकच घर होतं, तुझ्या धाकट्या बहिणीचं, रुक्मिणीचं. दोन खोल्या भाड्याच्या, अंगणात तीन बिऱ्हाडांत मिळून एक संडास, रात्री त्याला घरमालकाचं कुलूप. मी म्हटलं, मी बरोबर येते आणि रुक्मिणीमावशीला सगळं नीट सांगते. तू पट्टा बंद केलास. गिरणी बंद करून बोलायचीस तेव्हा ते शेवटचं असायचं. "बिलकुल न्हाई. रुक्मीला मी सांगितलंय सगळं गेलं म्हणून. लई रडल्ती ती मागं. आता परत तपासायला आले म्हणलं तर रातभर झोपायची न्हाई. मी डोळे दाखवायला आले म्हणून सांगते. अन् डोळ्याला कोणी माणूस संगं नेत असतं का?"

तू एकटी गेलीस आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलीस. अंगावर नवी साडी, हातात चिवड्याचा डबा, आणि पिशवीत ते पावडरचं पाकीट, न फोडलेलं.

"काय झालं?"

"पुरणपोळ्या केल्त्या गं तिनं. मी येणार म्हणून दुपारपासून पुरण वाटत बसली. येळवणी, भात, कुरडया. डोळ्याच्या डॉक्टरकडं जायला उपाशी कोण राहतं? काय सांगणार होते मी?"

"म्हणून जेवलीस?"

"तीन खाल्ल्या. चौथी तिनं बळंच वाढली."

डॉक्टरांनी विचारलं, पावडर घेतली का. तू खरं सांगितलंस. ते म्हणाले, मग आलात कशाला बाई, बाहेर रांग बघा. नवी तारीख मिळाली, काही महिन्यांनंतरची. मी तुझ्यावर खूप ओरडले. तू साडीचा पदर मला दाखवत होतीस. "रंग बघ की आधी. मोहरीच्या फुलावानी हाये."

काकू, आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते संपलेलं नाही. मी म्हणायचे, यावर पत्रक काढू. दवाखान्याला लागून एक खोली मागू, आदल्या रात्री लांबून आलेल्यांसाठी, जिच्यात संडास असेल, पाणी असेल, आणि कुणी जेवायचा आग्रह करणार नाही. खाली तुझं नाव घालू, तुझ्यासारख्या बाईचं नाव असलं की अधिकारी हलतात. तू म्हणायचीस, "खोली माग. दहा माग. पण माझ्या नावानं संडासाचं छापलंस तर तुझी खोली खाली करून घेईन. लोक माझ्याकडं दळण आणतात, पोरी."

दुसरी तारीख आली. मी दवाखान्याजवळचं लॉज बघून आले. मजल्याला एक संडास, रात्री नळाला पाणी नाही, तरी ठरवून आले. आदल्या दिवशी तू म्हणालीस, येत नाही. जालन्याला रक्त तपासलंय, ते चांगलं आलंय, पोट दुखत नाही. मी सरांचं उदाहरण दिलं. तेव्हा तू हळू आवाजात बोललीस, पट्टा चालू असून हळू बोललीस, मला जवळ यावं लागलं. "सरांचं पोट सरांच्या घरात साफ होतं. माझं पोट समद्या दुनियेला कळून साफ होणार. दहा दारांसमोरून रातभर पळू का मी, ह्या वयात?"

मी तेव्हा 'हक्क' हा शब्द वापरला. तू ऐकून घेतलंस आणि सुपात गहू घेतलेस.

नंतर वजन उतरायला लागलं. मग भाकरी जाईना. मग तुला गाडीत आडवं घालून नेलं, तेव्हा सगळ्या तपासण्या लगेच झाल्या, तारीख लागली नाही. जुन्या टाक्यांच्या जागी पुन्हा गाठ होती आणि ती लिव्हरपर्यंत गेली होती. वेळेवर दुर्बीण घातली असती तर तू वाचली असतीस, असं मी लिहिणार नाही. मला ते माहीत नाही. कुणालाच नाही. पण सरांच्या पोटात वेळेवर बघितलं गेलं आणि तुझ्या पोटात नाही, हे मला माहीत आहे. एकच आजार, एकच औषध, शेजारशेजारच्या खुर्च्या. एवढंच लिहिलं तरी माझ्या जिवाचा संताप व्हायला हवा. पूर्वी व्हायचा. आता मी ते वाक्य वाचते, ते बरोबर आहे हे कळतं, आणि पुढचं वाक्य लिहिते.

तुझी खाट गिरणीच्या मागच्या खोलीत होती. एक दिवस तू मला बोलावलंस. आवाज बसला होता तरी टोमणा शाबूत होता. "मी गेल्यावर छाप तुझं ते. मेलेल्या बाईला कोण हसतंय. पण दोन गोष्टी. रुक्मीच्या पोळ्यांना नावं ठेवायची न्हाईत. लई जीव लावून केल्त्या. अन् तिला कळू द्यायचं न्हाई."

मी हो म्हटलं.

पहिली अट पाळते. पोळी खाण्यात काही चूक नव्हती. बहीण कित्येक वर्षांनी मुक्कामाला आली आणि बहिणीनं पुरण वाटलं. यात चूक शोधायला जो बसेल त्यानं आधी एक रात्र त्या अंगणात काढून दाखवावी. तपासणी म्हणजे काय हे डॉक्टरांनी तुला सांगितलं, पण ती रात्र तू कुठं काढणार हे विचारायचं काम कुणाचंच नव्हतं. ते नातेवाइकांवर सोडलेलं होतं. आणि आपल्याकडे नातेवाईक आलेल्या माणसाला जेवू घालतात.

दुसरी अट अशी मोडली.

तुझ्या मातीला रुक्मिणीमावशी माहेरची साडी घेऊन आली. हिरवी. तुझ्यावर तिनंच पांघरली. जाधव सर आले होते, पण आत आले नाहीत, गिरणीच्या उंबऱ्याशी डब्यांच्या रांगेत उभे राहिले. मला म्हणाले, "माझा तो कोंब मुगाएवढा होता. तिचंही तेव्हा तेवढंच असेल का हो?" मी वाटेतला एक डबा बाजूला सरकवला. त्यांनी मान हलवली, जसं काही मी बोलले होते.

त्या दिवशी तुझ्या घरी चूल पेटली नाही. शेजारून पिठलं-भाकरी आली. रुक्मिणीमावशीनं खाल्लं नाही. दहाव्यालाही ती अशीच कोपऱ्यात बसून होती. मी पाणी दिलं तर माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, ताई डोळे दाखवायला आल्ती माझ्याकडं. तिच्या डोळ्याचं मंग काय निघालं? मी इचारलंच न्हाई नंतर."

काकू, मी तोंड उघडलं ते 'डोळे चांगले होते' म्हणायला. तेवढं म्हटलं असतं तर तुझी अट राहिली असती. पण तेव्हा मला जाफराबादच्या कमलबाई आठवल्या. गेल्या वर्षी त्यांचंही हेच ऑपरेशन झालं. कापूस वेचायला जातात. त्यांची दुर्बिणीची तारीख पुढच्या आठवड्यात होती आणि मुक्कामाला शहरात त्यांचं कुणीच नव्हतं. लॉजचं ऐकून त्याही तुझ्यासारख्याच 'येत नाही' म्हणाल्या होत्या. माझ्याकडे दुसरी जागा नव्हती. माझ्याकडे पत्रक होतं.

मी रुक्मिणीमावशीला सगळं सांगितलं. डोळ्यांचं खोटं, पावडर, कुलूप, परत आलेली तारीख. पोळ्यांचंही सांगितलं, तुला नावं ठेवलेली आवडणार नाहीत हेही सांगितलं. ती उठून मागं गेली आणि उष्टी भांडी घासायला बसली. घासलेली भांडी पुन्हा घासत होती. मला वाटलं, झालं, हिला आता आयुष्यभराचं ओझं दिलं आपण. काकू बरोबर होती.

संध्याकाळी एसटीत चढताना ती थांबली. "तशा अजून बाया हायेत का तुमच्याकडं?"

"आहेत. एकीची तारीख आलीय."

"मंग पाठवा माझ्याकडं. घरमालकाला मी बघते. तुमी पण या संगं."

कमलबाईंना घेऊन मी गेले. रुक्मिणीमावशीच्या घरात भांडी पालथी होती आणि गॅस थंड होता. नवऱ्याला आणि लेकीला तिनं जेवायला दिराकडे पाठवलं होतं. संडासाची किल्ली कमरेला होती. घरमालकाला काय सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "खरं सांगितलं. बाई दवाखान्याची हाये, रातभर जाणार, किल्ली द्या. त्यानं दिली. एवढंच होतं, मॅडम." शेवटचं वाक्य तिनं भिंतीकडे बघून म्हटलं.

ती स्वतःही जेवली नाही. पाहुणी उपाशी असताना आपण कसं खायचं, म्हणाली. कमलबाईंपुढं ती पावडरचं पाणी तांब्यातून ओतत बसली. कमलबाई प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करायच्या. "काय बाई तुमच्याकडचा पाहुणचार. मिठाचं पाणी पाजून राह्यल्या."

"प्या मुकाट. आग्रह मोडू नका."

पहिल्यांदा बाहेर जायची वेळ आली तेव्हा कमलबाई दारात अडखळल्या. शेजारच्या दोन दारांत माणसं बसलेली. रुक्मिणीमावशी बॅटरी घेऊन पुढं झाली आणि अंगणातच खुर्ची टाकून बसली. शेजारीण म्हणाली, "आज बाहेर का हो?" ती म्हणाली, "पाहुणी हाये. उद्या तिची तपासणी हाये पोटाची. जरा पोरं आत घ्या." शेजारणीनं पोरं आत घेतली. काकू, दहा दारं नव्हती. तीन होती, आणि दोन नंतर लागली.

सकाळी कमलबाई आत गेल्या, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या, गुंगीत हसत होत्या. डॉक्टर म्हणाले, पोट एकदम साफ होतं, सगळं नीट दिसलं. एक बारीक कोंब होता, काढून तपासायला पाठवलाय. त्याचं काय येतं ते कळेल. बघितलं गेलं, एवढं मी तुला आज सांगू शकते.

घरमालक रोज किल्ली देईलच असं नाही, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या बाया रुक्मिणीमावशीच्या दोन खोल्यांत मावणार नाहीत. दवाखान्याजवळच्या खोलीची मागणी मी लिहिली आहे. त्यात संडास हा शब्द पहिल्या ओळीत आहे. खाली तुझं नाव आहे. तू म्हणाली होतीस म्हणून घातलं. धिक्कार कुठंच घातला नाही, या खेपेला सुचला नाही.

त्या दिवशी दुपारी दवाखान्यातून आम्ही घरी परतलो तेव्हा रुक्मिणीमावशीनं गॅस पेटवला. डाळ तिनं भिजवून ठेवलीच होती. मी पुरण वाटू लागले, तिनं वाटू दिलं. डॉक्टरांनी हलकं खा म्हणून सांगितलं होतं, म्हणून कमलबाईंना अर्धीच मिळाली आणि त्या त्यावरून खूप बोलल्या. माझ्या ताटात एकामागून एक पडत गेल्या. मी नको म्हटलं नाही. तुझ्यासारख्याच तीन खाल्ल्या, चौथी तिनं बळंच वाढली.

चांगल्या होत्या काकू. नावं ठेवायला जागा नव्हती.